डॉक्टरांची लेक

बाबा,

मी तुमच्यावर खोटा आळ घेतला आहे. मुकुटबनकडच्या एका बाईची बकरी माझ्या चुकीनं मेली आणि मी तिला सांगितलं की चूक तुमची. तुम्ही जाऊन पंचवीस वर्षं उलटली. तुम्ही उठून ‘हे म्या कधी म्हटलं, माय?’ असं विचारणार नाही, हे मला ठाऊक होतं, आणि खरं म्हणजे त्या भरवशावरच मी ते बोलले. आता दुपारी जेवून तुमचे जावई आतल्या खोलीत घोरतायत आणि मी ओट्याशी स्टूल ओढून, जुन्या डायरीतली कोरी पानं शोधून लिहायला बसले आहे. सगळं पहिल्यापासून सांगते. सरळ सांगायची सवय मला राहिलेली नाही, त्यामुळे मध्येच मी स्वतःची बाजू घ्यायला लागेन. ते तुम्ही ओळखालच.

पुसदच्या कॉलेजच्या ऑफिसात मी तीस-बत्तीस वर्षं खर्डेघाशी केली, शेवटी हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले. घरी बसल्यावर दोन महिन्यांतच घरादाराला माझा वीट आला. तुमची नात पुण्याहून म्हणाली, ‘आई, तू बोलतेस किती छान, ब्लॉग का नाही लिहीत?’ ब्लॉग म्हणजे इंटरनेटवरचं आपलं स्वतःचं पान. कोणीही लिहावं, कोणीही वाचावं, मध्ये हेडमास्तर नाही की तपासणारा नाही. तिनंच ते उघडून दिलं, वर माझा भुरीसोबतचा फोटो लावला आणि म्हणाली, आता पहिल्यांदा तुझा परिचय लिही. तू कोण, तुझ्याकडे कोणते प्राणी, छंद काय, जगाकडे कसं बघतेस. चार ओळींचं काम. मी त्याला तीन दिवस लावले. नोकरीच्या अर्जालासुद्धा मी इतका वेळ घेतला नव्हता.

तो परिचय तुम्हाला वाचून दाखवते, म्हणजे पुढचं कळेल. ‘नमस्कार मंडळी! मी एक निसर्गवेडी, प्राणीवेडी गृहिणी. वय विचारू नका, मन अजून सोळाचंच आहे! आमच्या कुटुंबात भुरी नावाची कुत्री, शेठ नावाचा आळशी बोका आणि मिरची नावाची तिखट मांजर यांचाही समावेश आहे. वाचन, बागकाम, प्रवास आणि जुनी गाणी हे माझे छंद. जे वाटतं ते खरं खरं बोलावं आणि खरं खरं जगावं, हाच माझा जीवनाकडे पाहण्याचा दृष्टिकोन.’ आयुष्यभर ऑफिसात खुर्ची झिजवून मी ‘गृहिणी’ लिहिलं, कारण ते कानाला गोड लागलं. बागकाम म्हणजे गच्चीवरच्या चार कुंड्या, त्यातल्या दोन रिकाम्या. प्रवास म्हणजे माहूर, शेगाव आणि लेकीकडे पुणे. प्राणी तेवढे खरे आहेत. भुरी स्टँडजवळच्या नालीत सापडली, शेठ आपल्या पायांनी आला आणि मिरची त्याच्या मागं. त्यांना मी वेळेवर खाऊ घालते, सुया टोचून आणते, आणि त्यांच्या अंगाला जरा कुठं जखम दिसली की तोंड फिरवून डॉक्टरांच्या हवाली करते. दृष्टिकोनाचं वाक्य लिहून झाल्यावर मी चष्मा काढून पुसला होता, इतकी मी स्वतःवर खूश होते.

इथवर चालून गेलं असतं. सगळेच आपला परिचय देताना जरा पावडर लावतात. पण त्याखाली मी आणखी एक परिच्छेद लिहिला, तो असा: ‘प्राण्यांचं प्रेम मला वारशानं मिळालं. माझे वडील पशुवैद्यकीय क्षेत्रात कार्यरत होते. त्यांच्या शेजारी उभं राहून मी मुक्या जिवांची भाषा शिकले. लहानपणी माझा एक लंगडा कुत्रा होता, तो रोज मला शाळेपर्यंत सोडायला यायचा.’

यातलं एकेक वाक्य तुम्हाला माहीत आहे. केळापूरकडच्या आपल्या गावातला तो ढोरांचा दवाखाना, दोन खोल्या, वर टिनं, समोर ढोरं उभी करायचा लोखंडी खोडा. तुम्ही तिथं ड्रेसर होतात. जखमा धुणं, किडे काढणं, पट्ट्या बांधणं, ढोराला धरून ठेवणं, डॉक्टर सांगतील ते औषध बांबूच्या नळीनं पाजणं. लोक बैलाची दोरी धरून यायचे आणि तुमचा पांढरा कोट बघून म्हणायचे, ‘डाक्टरसाहेब, जरा बघा.’ तुमचं उत्तर ठरलेलं, ‘मी डाक्टर नाही बापा, डरेसर हाय. डाक्टर अंदर बसले हायेत.’ दिवसातून दहा वेळा म्हणायचात. मला तेव्हा वाटायचं, कशाला सांगायचं? ते आपणहून म्हणतायत, तर म्हणू द्यावं की. मी पुढं तेच केलं. यवतमाळला होस्टेलवर ‘बाबा काय करतात’ विचारलं की मी सांगायची, ‘पशुसंवर्धन खात्यात आहेत.’ लग्नाच्या बायोडाट्यात ‘शासकीय सेवा’ लिहिलं. ‘पशुवैद्यकीय क्षेत्रात कार्यरत’ हे त्याचंच पुढचं पाऊल. खोटं एकही नाही, पण वाचणाऱ्यानं ‘डॉक्टर’ समजावं अशीच सोय केलेली. ऑफिसात पत्रं लिहून लिहून मला हे छान जमतं.

आणि शेजारी उभी? मी कधी तुमच्या शेजारी उभी होते? शाळा सुटल्यावर आई मला डबा देऊन दवाखान्यात पाठवायची, तेव्हा मी कडुनिंबाच्या पलीकडं, वारा उलटा येईल अशा बाजूला, पुस्तक उघडून बसायची. फिनेल, टर्पेंटाइन आणि सडलेल्या जखमेचा वास तुमच्या कपड्यांना असायचा, घरी आल्यावर आई मागच्या अंगणात वेगळी बादली ठेवायची. तो लंगडा कुत्राही माझा नव्हता. तुम्ही एका संध्याकाळी शर्टात गुंडाळून ते पिल्लू माझ्यासाठी आणलं होतं, एक पाय बांधलेला. तुमचा चेहरा केवढा खुलला होता. मी म्हटलं, ‘मले नको ते. खरूज असन त्याले.’ तुम्ही ते परत दवाखान्यात नेलं. तिथंच ते वाढलं, आणि रोज तुमच्या सायकलमागं लंगडत यायचं. माझ्या शाळेचा रस्तासुद्धा त्याला माहीत नव्हता. ब्लॉगवर मी त्याला माझा केला, आणि वाचकांनी त्याला सगळ्यांत जास्त बदाम, म्हणजे आवडल्याची लाल चित्रं, पाठवले.

एक गोष्ट मात्र मी ब्लॉगवर लिहिली नाही. आई बाळंतपणासाठी माहेरी गेली होती तेव्हाची. मी अकरा वर्षांची. तुम्ही सकाळी उठून भाकरी थापल्या, वाकड्यातिकड्या, आणि पहिली भाकर माझ्या ताटात टाकली. मी हात मागं घेतला आणि विचारलं, ‘हात धुतले काय?’ तुम्ही दोन्ही हात पुढून-मागून उलटेपालटे करून मला दाखवले, पोरं शाळेत नखं दाखवतात तसे. धुतलेलेच होते, तुम्ही धुतल्याशिवाय चुलीजवळ कधी गेला नाहीत. तरी मी तोंड वाकडं केलं. त्या दिवसापासून आई येईपर्यंत तुम्ही माझ्या ताटात भाकर चिमट्यानं ठेवत होतात. रोज, दोन्ही वेळा, न चुकता. मला तेव्हा त्याचं काहीच वाटलं नाही. 

तर परिचय लागला आणि लोक येऊ लागले. कोणी लिहिलं, ‘वा, डॉक्टरांची लेक!’ मी त्याखाली हात जोडल्याचं चित्र टाकलं. तेवढं पुरलं, पुढं सगळेच तसं म्हणू लागले. मग मी ‘बाबांचा बटवा’ नावाचं सदर सुरू केलं, जनावरांचे घरगुती उपाय. दर रविवारी एक. उपाय कुठून आणायचे? इकडच्या तिकडच्या पानांवरून उचलायचे, थोडं आपल्याकडचं बोलणं मिसळायचं, आणि सुरुवातीला लिहायचं, ‘बाबा म्हणत.’ तुम्ही आयुष्यात कोणाला औषध सांगितलं नाहीत. शेजारच्यांची कोंबडी मान टाकून झिमायला लागली तरी ‘डाक्टरले विचारा’ म्हणायचात. त्या तुमच्या तोंडी मी हिंग, ओवा, काळं मीठ, गोडेतेल असं काय काय घातलं. लोक म्हणायचे, तुमचे बाबा म्हणजे खजिना. मी ते दिवसभर पुन्हा पुन्हा उघडून वाचायची.

ती बाई त्यातलीच एक वाचणारी, म्हणजे ऐकणारी. तिची सून तिला मोबाइलवर वाचून दाखवायची. गेल्या महिन्यात एका सकाळी तिनं सुनेकडून नंबर लिहवून पाठवला आणि खाली दोनच शब्द, ‘ताई फोन.’ मी लगेच केला. खोटं कशाला बोलू, मला हुरूप आला होता. पलीकडून आवाज आला, ‘ताई, मी मुकुटबनच्या इकडून बोलून राह्यली. माही बकरी फुगली हो. डावी कूस ढोलावानी झाली. सकाळपासून रवंथ करून नाही राह्यली. डाक्टर उद्या येतीन म्हणते. तुमी डाक्टरची पोरगी, तुमाले मालूम असन.’ मागं पिल्लं ओरडत होती, दोन होती म्हणाली, महिन्याभराची.

त्या क्षणी मला एवढंच म्हणायचं होतं, की बाई, मी डॉक्टरची मुलगी नाही, बकरी गाडीत घाला आणि झरीला नाही तर वणीला कुठं डॉक्टर मिळेल तिथं न्या. एवढंच. मी म्हटलं, ‘घाबरू नका. पावभर गोडेतेल घ्या, त्यात हिंग. बाटलीत भरा. बकरीचं तोंड चांगलं वर धरा, म्हणजे सांडणार नाही, आणि हळूहळू ओता.’ फोन चालू ठेवायलाही मीच सांगितलं. मला ऐकायचं होतं. सून बकरीला धरून होती, बाई ओतत होती. मला खुरांचा आवाज येत होता. मग बकरी खोकली. बाई म्हणाली, ‘ताई, ठसका लागून राह्यला तिले. थांबू काय?’

आणि मी म्हटलं, ‘थांबू नका. थोडंच राहिलंय, संपवा.’

बाबा, ती थांबली असती. तिचा हात थांबलाच होता, म्हणून तर तिनं विचारलं. अडाणी म्हणून जिला मी मनात ठरवून टाकलं होतं, तिला कळलं होतं आणि मला कळलं नाही. मी पुढं पांडित्य सांगत बसले की तेल पोटात गेलं की वारा सरेल. तिनं मला आशीर्वाद दिला, ‘तुमच्या बाबाले पुन्य लागन.’ त्या दिवशी मी दुपारी भुरीला जास्तीचं दूध घातलं आणि ब्लॉगवर लिहिलं, की आज एका मुक्या जिवाला बाबांच्या आशीर्वादानं जीवदान मिळालं.

तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. बकरी दोन दिवस धापा टाकत होती, नाकातून फेस येत होता, सकाळी गेली. डॉक्टर आले होते. ‘डाक्टर म्हणे तेल फुफ्फुसात गेलं.’ मग म्हणाली, ‘माह्याच हातून काही चुकलं काय ताई? तुमच्या बाबाची दवाई त चुकीची नसन. मीच जास्त वतलं असन.’ ती रडत नव्हती. ती खरोखर विचारत होती, जसं आपण डॉक्टरला विचारतो. आणि मी, कॉलेजच्या पोरांना प्रामाणिकपणाबद्दल दोन दोन पानांची सूचनापत्रं टाइप करून देणारी मी, काय म्हणाले? ‘नाही हो, तुमचं नाही चुकलं. बाबांची पद्धत जुनी होती. त्या काळी ते असंच सांगायचे, तोंड वर धरा म्हणून. आता विज्ञान पुढं गेलंय.’ ‘विज्ञान पुढं गेलंय’ हेसुद्धा म्हणाले.  मग ती म्हणाली, ‘राहू द्या ताई. मेलेल्या मानसाले काहून दोष देता? त्यायनं त भल्यासाठीच सांगतलं असन.’

तिनं तुम्हाला माफ केलं. जे तुम्ही कधी सांगितलं नाही, त्याची तिनं तुम्हाला माफी देऊन टाकली, आणि मी ‘हो’ म्हणून फोन ठेवला.

त्यानंतर किती दिवस मी स्वतःला समजावत होते की मला कुठं माहीत होतं, मी काही डॉक्टर नाही, मला कोणी शिकवलं होतं? पण शिकवलं होतं, बाबा. तुम्हीच शिकवलं होतं, आणि त्या दिवसाइतका मला तुमचा राग कधी आला नव्हता.

त्याच वर्षीची गोष्ट, आई माहेरी होती त्याच पावसाळ्यातली. दवाखान्यात एका शेतकऱ्याचा बैल आला होता. डॉक्टरांनी औषध लिहून दिलं, ते मोठे साहेब यायचे म्हणून कागदपत्रांच्या घाईत होते, बाहेर आणखी चार ढोरं उभी. तुम्ही पाजलं. चार दिवसांनी तो बैल मेला. डॉक्टरांनी सर्दीनं फुफ्फुसं धरली असं लिहिलं, मालकालाही तेच पटलं, कारण त्याच्या बायकोनं आदल्या आठवड्यात बैल पावसात बांधून ठेवला होता. प्रकरण मिटलं होतं. कोणी तुमचं नाव घेतलं नव्हतं. पण बाजारात तुमच्या कानावर आलं की ती बाई जेवत नाही, नवरा तिला टाकून बोलतो, ती रोज गोठ्यात जाऊन बसते. रविवारी तुम्ही मला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं, कारण घरी ठेवायला कोणी नव्हतं, आणि चार कोस त्यांच्या वाडीवर गेलात.

मी अंगणात तुमच्या मागं उभी होते. तुम्ही खाटेवर बसला नाहीत, ‘बसा’ म्हटलं तरी. म्हणालात, ‘तुमची बाई स्वतःले दोष देऊन राह्यली असं ऐकलं. पावसानं नाही मेला तो. म्या दवाई पाजली, तिथं चुकलं. तोंड लय वर धरलं. ठसका लागला तरी थांबलो नाही, घाईत होतो.’  तो माणूस म्हणाला, ‘मंग आता सांगाले कायले आले? बैल त गेला.’ तुम्ही म्हणालात, ‘तिच्यासाठी आलो.’ दारात त्याची बायको उभी होती, पदर तोंडाशी धरून. तो मग खूप बोलला. आई-बहिणीवरून बोलला. शेजारची माणसं गोळा झाली. तुम्ही मान खाली घालून सगळं ऐकलं, आणि तो थकल्यावर ‘येतो’ म्हणून सायकल वळवली. मला वाटत होतं जमीन फाटावी. त्या गर्दीत माझ्या शाळेतली एक मुलगी होती.

परतताना तुम्ही सायकल हातात धरून चालत होतात, मी वर बसलेली. तुम्ही म्हणालात, ‘ध्यानात ठेव माय, ढोराचं तोंड त्याच्या डोळ्याच्या वर नाही जाऊ द्याचं. ठसका लागला का थांबाचं. थांबलं का मंग त्याले घोट सावरता येते.’  मी रस्त्याकडं बघत होते की ती मुलगी मागून येते का. घराजवळ आल्यावर मी म्हटलं, ‘कोणाले मालूम पण नव्हतं. तुमीच जाऊन सांगतलं. बावळट हा तुमी.’ हा शब्द मी वापरला. तुम्ही म्हणालात, ‘हाव, बावळट हावो,’ आणि सायकल भिंतीला लावली.

आपल्याकडं ना शेती, ना बैल, तरी पोळ्याच्या दिवशी देवळातून निघालेल्या जोड्या आपल्या दाराशी यायच्या, आठवतं? तुम्ही वर्षभर त्यांच्या जखमा धुतलेल्या म्हणून. आई बैलांचे पाय धुवायची, ओवाळायची, पुरणाचा घास द्यायची, डॉक्टरांच्या क्वार्टरपेक्षा आपल्या दारात जास्त गर्दी. त्या वर्षी तो शेतकरी आला नाही. त्याच्या उरलेल्या एका बैलाची जोडी कोणाशी लावली होती कोण जाणे. पुढच्या वर्षीही आला नाही. तुम्ही त्याची वाट पाहिलीत का, हे मी विचारलं नाही. त्याच्या बायकोला मात्र मी नंतर एकदा बाजारात पाहिलं. मिरच्या निवडत होती आणि शेजारणीशी काहीतरी बोलून हसत होती.

फोनवर त्या बाईनं ‘ठसका लागून राह्यला, थांबू काय’ विचारलं, तेव्हा मला हे आठवलं का? प्रामाणिकपणे सांगायचं तर काहीतरी हललं होतं. पुरतं आठवलं नाही, पण ‘थांब’ असं आतून आलं होतं. पण थांबा म्हटलं असतं तर तिनं विचारलं असतं, मग आता काय करू? आणि मला पुढचं काहीच येत नव्हतं. डॉक्टरांच्या लेकीला येत नाही हे तिला कळलं असतं. म्हणून मी संपवा म्हटलं. एका बकरीचा जीव आणि माझी अब्रू, यांत मी माझी अब्रू वाचवली.

मग मी काय केलं ते सांगते. बटवा पुसून टाकला, सगळाच्या सगळा. जीवदानाची ती ओळ पुसली. आणि परिचय बदलला. आता तिथं लिहिलंय, ‘माझे वडील ढोरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. लोकांच्या बैलांच्या जखमा त्यांनी आयुष्यभर धुतल्या. मी कधी त्यांच्या शेजारी उभी राहिले नाही, आणि तो लंगडा कुत्रा त्यांचा होता.’ हे लिहिताना वाटलं, आता लोक शिव्या घालतील. झालं उलटंच. ‘किती प्रांजळ!’ ‘अशी कबुली द्यायला काळीज लागतं.’ ‘ताई, रडवलंत.’ पूर्वी डॉक्टरांच्या लेकीला मिळाली नव्हती इतकी वाहवा ड्रेसरच्या मुलीला मिळाली. आणि बाबा, मला ती आवडली. दोन दिवस मी पुन्हा मोबाइल उघडून उघडून वाचत होते. बकरीबद्दल त्या परिचयात एक शब्द नाही. कोणी विचारलंच नाही, तर मी कशाला सांगू, असं मीच मला सांगितलं. त्या वाडीवरून परतल्यावर मी तुम्हाला असंच काहीसं म्हटलं होतं, तुम्हाला आठवेल.

त्या बाईनं हे वाचलेलं नाही. तिची सून पिल्लांच्या मागं असते, आता तिला मोबाइल घेऊन बसायला सवड नाही. तिच्या लेखी अजून तुम्ही डॉक्टर आहात, तुमची पद्धत जुनी होती, आणि थोडा तिचाही हात चुकला. ती दोन्ही पिल्लांना दुसऱ्या बकरीचं दूध चिंधीनं पाजते, असं तिनंच नंतर आठवड्यानं पुन्हा केलेल्या फोनवर सांगितलं होतं, तक्रार म्हणून नाही, सहज.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. तसा पत्ता नाहीच. पण मी तुम्हाला लिहायला बसले होते, असं वर म्हटलंय, तेही पुरतं खरं नाही. मी बसले होते तिला फोन करायला. जेवणं आटोपून दुपारी ती घरी असते, चारला पिल्लांसाठी पाला आणायला निघते आणि फोन घरीच ठेवून जाते, हेही तिनंच तेव्हा सांगितलं होतं. नंबर काढून समोर ठेवला होता. मग वाटलं, आधी बाबांना सांगावं, म्हणजे शब्द नीट सापडतील. तुम्हाला सांगणं सोपं गेलं, तुम्ही मध्ये काही विचारत नाही.

आता साडेचार वाजलेत.